अवधूतांची शाळा आणि साठीनंतरचा प्रपंच

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की आपल्या घराघरांत गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. देवळात पाळणा सजतो, सुंठवड्याचा वास येऊ लागतो. देव्हाऱ्यातली दत्तमहाराजांची तसबीर आपण पुसून हार घालतो. त्या तसबिरीकडे आज जरा निवांत पाहू या. तीन शिरे, सहा हात हे तर आपल्याला पाठच आहे. पण मागे काय आहे? औदुंबर आहे. शेजारी गाय आहे, पायांशी चार श्वान आहेत, बाजूने नदी वाहते आहे. गाय म्हणजे पृथ्वी आणि श्वान म्हणजे चार वेद असा अर्थ आपले वाडवडील सांगत आले. तो खराच. पण त्यापलीकडे साधी गोष्ट अशी की या देवाच्या चित्रात राजवाडा नाही, सिंहासन नाही. झाड, पाणी आणि प्राणी आहेत. कारण या देवाची शाळाच तिथे भरली होती.

त्या शाळेची हकिगत श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात येते, सातव्यापासून नवव्या अध्यायापर्यंत. भगवान श्रीकृष्ण निजधामाला जायच्या तयारीत आहेत आणि उद्धवाला शेवटचा उपदेश करीत आहेत. त्यात ते आपल्याच कुळातली एक जुनी गोष्ट सांगतात. यदुराजाला वनात एक तरुण अवधूत भेटला. अंगावर काही नाही, जवळ काही नाही, पण मुद्रा प्रसन्न. राजाने विचारले, महाराज, सगळे जग काम आणि लोभाच्या वणव्यात होरपळते आहे, आणि तुम्ही मात्र गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखे गार, हे कसे? तेव्हा अवधूताने आपले २४ गुरू सांगितले. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढणारा, हरीण, मासा, पिंगला, कुरर पक्षी, लहान मूल, कुमारी, बाण करणारा कारागीर, सर्प, कोळी आणि भिंगुरटी. आपली परंपरा या अवधूताला दत्तात्रेय म्हणून ओळखते. नाथमहाराजांनी हाच अकरावा स्कंध मराठीत आणला आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ साली, काशीत तो पूर्ण केला. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार आणि थोर दत्तभक्त. म्हणजे किल्ला सांभाळून, हिशेब ठेवून परमार्थ करणारी ही परंपरा आहे. आपल्यासारख्या संसारी माणसांना हा मोठाच दिलासा.

प्रश्न विचारणारा यदु कोण?

२४ गुरूंवर पुष्कळ बोलले जाते. पण ज्याने प्रश्न विचारला त्या यदुकडे आपले फारसे लक्ष जात नाही. यदु हा ययातीचा थोरला मुलगा. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अवेळी म्हातारपण आले. कोणी आपखुशीने तारुण्य दिले तर बदलून घेता येईल, असा उःशाप होता. ययातीने पहिल्यांदा विचारले ते यदुला. यदु नाही म्हणाला. मधल्या भावांनीही नकार दिला. शेवटी धाकट्या पुरूने बापाचे म्हातारपण घेतले. पुढे ययातीने वर्षानुवर्षे भोग भोगले आणि मग त्याच्या ध्यानात आले की तूप ओतून आग विझत नसते. त्याने तारुण्य परत केले, मुख्य राज्य पुरूला दिले, दक्षिणेकडचा भाग यदुला दिला आणि तो वनात गेला.

आता विचार करा. म्हातारपणी बापाला सोडता येत नाही तेव्हा घरात काय होते, ते ज्याने डोळ्यांनी पाहिले तो हा यदु. थोरला असून बापाच्या मनातून उतरलेला. तो जेव्हा अवधूताला विचारतो की तुम्ही काही न धरता इतके सुखी कसे, तेव्हा तो प्रश्न पुस्तकी नाही. त्याच्या घरातला आहे. आणि खरे सांगू का मंडळी, आपल्याही घरातला आहे. साठी-सत्तरीनंतर आपल्या सगळ्यांपुढे एकच परीक्षेचा पेपर येतो : काय धरायचे आणि काय सोडायचे. पैसा, घर, मुलांवरचा हक्क, स्वयंपाकघरातला शब्द, देवघराची किल्ली. ययातीने पेपर उशिरा सोडवला. आपण वेळेत सोडवावा, म्हणून अवधूताच्या शाळेत चार दिवस जाऊन बसू. सगळे २४ गुरू एका लेखात मावणार नाहीत. प्रपंचाला लागतील तेवढे घेऊ.

पहिला धडा औदुंबराखाली

पहिला गुरू पृथ्वी. तिच्यात डोंगर आणि झाडेही आली. झाडाचे असणेच दुसऱ्यासाठी असते, असे अवधूत म्हणतो. आपल्या दत्ताचे झाड कुठले, तर उंबर. या झाडाची फळे कुठे लागतात ते पाहिले आहे ना? आंब्यासारखी फांदीच्या टोकाला नाहीत. थेट खोडाला, जाड फांद्यांना झुबकेच्या झुबके. मुंगीलाही सापडावीत, शेळीलाही पोचावीत अशी. वर पाखरे, रात्री वटवाघळे, खाली पडलेल्यावर गुरे. देताना हे झाड कोणाची पायरी पाहत नाही.

आणि उंबराचे फूल? आपण क्वचित भेटणाऱ्या माणसाला "उंबराचं फूल झालास की रे" असं म्हणतो. फूल नसते असे नाही. ज्याला आपण फळ म्हणतो, त्याच्याच आत शेकडो बारीक फुले असतात. एक चिमुकली माशी फळाच्या तोंडातून आत शिरते, तेव्हा परागीभवन होते. सगळा फुलोरा आत, बाहेर फक्त फळ. नृसिंहाच्या नखांचा दाह याच फळांनी शांत झाला, अशी कथा गुरुचरित्रात आहे. दान असे असावे. फूल आत राहावे, फळ लोकांना मिळावे. आपण देवळाला पंखा देतो आणि पात्यांवर नाव घालतो. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही, हे एक बरे आहे! सुनेला दिलेला दागिना, भावाच्या अडचणीत दिलेले पैसे, नातवाची भरलेली फी, हे आपण दर सणाला बोलून दाखवत असू तर ते दिलेच नाही, उसने ठेवले.

मधमाशी आणि मध काढणारा

पुढचा धडा माझ्या पेशाच्या जवळचा आहे, म्हणून थोडा जास्त सांगतो. बँकेच्या काउंटरवर माझी सारी नोकरी गेली. अवधूताने मधमाशीकडून दोन गोष्टी घेतल्या. एक, लहानमोठ्या सगळ्या फुलांतून थोडा थोडा रस घ्यावा, फुलाला इजा करू नये. दोन, साठवून साठवून माशी आपल्याच साठ्यापायी मरते. पाठोपाठ त्याने मध काढणाऱ्यालाही गुरू केले. लोभ्याने कष्टाने जमवलेले, स्वतः न खाल्लेले, न दिलेले धन तिसराच घेऊन जातो, हा तो धडा.

मधमाशीला नावे ठेवायला नकोत. फुले नसतात त्या दिवसांसाठी तिला साठा लागतोच. एक माशी सगळ्या जन्मात चमचाभरही मध करीत नाही, आणि तरी पोळे भरते. आपली पेन्शन, आपली मुदत ठेव ही अशीच थेंबाथेंबाने झालेली. ती असायलाच हवी. म्हातारपणी हातात चार पैसे असणे याला लोभ म्हणत नाहीत. लोभ कुठे सुरू होतो? मध कोणासाठी आहे, हे माशीच विसरते तिथे.

काउंटरवर पाहिलेले सांगतो. एक गृहस्थ दर महिन्याला पासबुक भरून घ्यायला येत. पायात शिवलेल्या चपला, हातात पिशवी. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, आकडे मलाच वाचून दाखवावे लागत. "ऑपरेशन करून घ्या ना काका," म्हटले की म्हणत, "व्याज जमा होऊ दे, मग बघू." व्याज जमा होत राहिले. पुढे ते गेल्यावर मुले आली. कुठल्या शाखेत किती ठेवी, कोणालाच काही माहिती नव्हते. आपसांत विश्वास नाही. कागदपत्रांसाठी त्यांनी जे हेलपाटे घातले, ते पाहून मला पोळ्याखाली धूर केलेला दिसायचा.

दहा वर्षे ज्यांच्यावर व्यवहार झाला नाही, कोणी मागायलाही आले नाही, अशा खात्यांतली आणि ठेवींची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. २०१४ पासून ही व्यवस्था आहे. वारसांना नंतरही ती मागता येते, बुडत नाही. पण मागायला आधी माहीत तर हवे! म्हणून सांगतो, या दत्तजयंतीला एक पारायण कमी झाले तरी चालेल, पण एका वहीत आपल्या सगळ्या खात्यांची, ठेवींची, विम्याची नोंद करा आणि ती वही कुठे आहे ते घरात दोघांना सांगा. नॉमिनी लावा. नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला, असेही नाही बरं का. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढेच त्याने ठरते, वाटणी मृत्युपत्राने किंवा कायद्याने होते. तेव्हा मृत्युपत्रही करा. हे ऐकताना काहींना वाटेल, प्रवचनात हे काय व्यवहाराचे? अहो, वेळेवर आणि स्वतःच्या हाताने सोडणे हाच तर अवधूताचा उपदेश आहे. आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन आधी करून घ्या. दत्ताच्या मूर्तीवरचा हार स्पष्ट दिसायला नको का?

आणखी एक. बँकेतल्या माणसाच्या हातून दिवसभरात लाखो रुपये जातात. ओल्या स्पंजच्या डबीला बोट लावून तो नोटा मोजतो, गठ्ठे बांधतो. त्यातली एक नोट त्याची नसते. संध्याकाळी रोकड जुळली, तिजोरी बंद झाली की तो मोकळ्या हाताने घरी जातो आणि त्याला झोप लागते. जुळली नाही तर मात्र लागत नाही. संसारही असाच मोजावा. नीट मोजावा, एका पैशाची चूक होऊ देऊ नये, आणि दिवसअखेर ज्याचे त्याच्या हवाली करावे.

कपोताची गोष्ट आपण अर्धीच ऐकतो

कपोत म्हणजे कबुतर. रानात एका झाडावर नर-मादीचे जोडपे राहत होते. पिल्ले झाली. एक दिवस दोघे चारा आणायला गेली असता पारध्याने जाळे टाकले, पिल्ले अडकली. परत आलेल्या मादीने ते पाहिले आणि आक्रोश करीत जाळ्यात उडी घेतली. नराने थोडा वेळ विलाप केला आणि त्यानेही तेच केले. पारध्याला सगळे कुटुंबच मिळाले. तो खुशीत घरी गेला.

ही गोष्ट सांगून पुष्कळदा म्हणतात, मुलाबाळांत गुंतू नका. ऐकणारी आजी मान डोलावते आणि घरी जाऊन नातवाला पोटाशी धरते. तिचे काही चुकत नाही. अवधूताचा आक्षेप प्रेमावर नाही, अतिस्नेहावर आहे. कोणाच्याही बाबतीत अति करू नये, हे त्याचे म्हणणे. जाळे समोर दिसत असताना, उडी मारून पिल्लू सुटणार नाही हे कळत असताना, तरीही मारलेली उडी ही त्या अतिस्नेहाची.

शहरात आपल्या बाल्कनीत कबुतरे येतात. घाण करतात म्हणून आपण जाळी बसवतो. पण त्यांचे घरटे कधी नीट पाहिले आहे का? नर आणि मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात. दोघेही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे अन्न पिल्लांना भरवतात. आणि साधारण महिनाभरात पिल्लू उडून जाते. मग त्या जोडप्यात रडारड नसते. उडावे म्हणूनच तर भरवले होते.

आपणही मुलांना उडावे म्हणूनच शिकवले. कर्ज काढले, क्लास लावले, पासपोर्टच्या रांगेत उभे राहिलो. मग ते उडाले तर तक्रार कोणाकडे? मुलगा पुण्याला असो की परदेशात, रविवारी फोन येतो. पाच मिनिटे उशीर झाला की इकडे जेवण उतरत नाही. फोन आला की पहिले वाक्य, "आठवण झाली का आमची?" पोरगं तिकडे गप्प होतं. पुढच्या रविवारी फोन करायचा म्हटले की त्याच्या पोटात गोळा येतो. हे आपल्याच हाताने विणलेले जाळे.

इथे पिंगलेची गोष्ट आठवावी. विदेह नगरीतली ती गणिका, कोणीतरी येईल म्हणून नटून दारात उभी राहिली. आत-बाहेर करता करता मध्यरात्र उलटली. कोणी आले नाही. शेवटी ती स्वतःलाच म्हणाली, जो आत कायमचा जवळ आहे त्याला सोडून मी कोणाची वाट पाहते आहे? आणि अंथरुणावर पाठ टेकताच तिला गाढ झोप लागली. आशा सुटली तेव्हा झोप आली. दारात उभे राहून दुसऱ्याच्या येण्यावर आपले सुख टांगून ठेवणे, हे गणिकेनेच करावे असे काही नाही. आपण सगळेच करतो. फोनची वाट जरूर पाहावी. पण फोनच्या वेळेला एक माळ ओढायला बसावे. फोन आला तर आनंद, नाही आला तर माळ पूर्ण.

मांस टाकावे, पंख टाकू नयेत

आता कुरर पक्षी. काही जण इथे घार सांगतात. तिच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. तो पाहून दुसरे दांडगे पक्षी तिच्यावर तुटून पडले. टोचू लागले. तिने तुकडा टाकून दिला. सगळे पक्षी तुकड्यामागे गेले आणि ती निवांत झाली. कोणाशी वैर नव्हतेच, वैर तुकड्याशी होते.

आपल्या प्रत्येक गावात असा तुकडा आहे. बांधावरचे चार फूट. सामाईक विहीर. वडिलार्जित घरातली मधली खोली. दोन भाऊ एका आईचे दूध प्यालेले, आणि कोर्टाच्या बाकावर दोन टोकांना बसलेले आपण पाहतो. वकिलांचे केस पांढरे होतात, तारखा संपत नाहीत. त्या खोलीची किंमत कधीच खर्चात निघून गेलेली असते. अशा वेळी ज्याला सोडणे परवडते त्याने सोडावे. सोडणारा हरला असे लोक म्हणतील. म्हणू द्या. रात्री झोप कोणाला लागते ते बघा.

पण भक्तहो, हे नीट ऐका. त्या पक्ष्याने मांस टाकले. पंख टाकले नाहीत. अलीकडे उलटे होताना दिसते. वैराग्याच्या भरात, नाहीतर मुलांच्या आग्रहापोटी, राहते घर जिवंतपणीच नावावर करून दिले जाते आणि मग त्याच घरात परवानगी मागून चहा करावा लागतो. हे वैराग्य नव्हे. डोक्यावरचे छप्पर आणि औषधापुरता पैसा हे आपले पंख आहेत. ते शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवावेत आणि नंतरची सोय मृत्युपत्रात करावी. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली कायदा झाला. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिले आणि ती अट मुलांनी पाळली नाही, तर ते रद्द करून मागण्याची सोय त्यात आहे. पण कायद्याच्या दारात जावे लागण्यापेक्षा आधीच शहाणे असावे. सोडायचे आहे ते चोचीतले. अहंकार, शेवटचा शब्द, भांडणाचा तुकडा. हे टाकून दिले तर कोणी मागे लागत नाही.

कांकणांचा आवाज

एका कुमारीला पाहायला पाहुणे आले. घरची माणसे बाहेर गेलेली. पाहुण्यांच्या जेवणासाठी ती आत भात कांडू लागली, तशी हातातली कांकणे वाजू लागली. स्वतःलाच कांडावे लागते, म्हणजे घरची गरिबी पाहुण्यांना कळणार. तिने एकेक कांकण उतरवले, दोन-दोन ठेवली. तरी वाजत होती. मग एका हातात एकच ठेवले. आवाज थांबला. काम मात्र थांबले नाही.

अवधूताने यातून एकांत घेतला. अनेक जण जमले की कलह होतो, दोघे असले तरी बोलणे होतेच, म्हणून एकट्याने राहावे. तो संन्यासी, त्याला ते शोभते. आपण काय करायचे? सगळ्यांना घराबाहेर काढायचे? तसे नव्हे. मला या गोष्टीत त्या मुलीची समज फार मोलाची वाटते. घराची अब्रू राखायला तिने मुसळ टाकले नाही, पाहुण्यांना दोष दिला नाही, स्वतःच्या हातातला आवाज कमी केला. आणि हात मोकळेही ठेवले नाहीत, एक कांकण राहिले.

सासू-सून, बाप-मुलगा यांच्यात वाजते ते बहुधा जास्तीच्या कांकणांनी. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे एक कांकण. "मी सांगितलं होतं ना?" हे दुसरे. भाजीत मीठ कमी आहे हे मीठ वाढून घेऊनही सांगता येते. दिवसातून अशी दोन वाक्ये उतरवून ठेवली तर घर तेच राहते, कांडण तेच राहते, आवाज जातो. जे बोलणे खरोखर गरजेचे आहे ते एक कांकण राहू द्यावे.

पाणी येते आणि जाते

समुद्राकडून अवधूत काय शिकला? पावसाळ्यात नद्यांचे लोंढे आले म्हणून तो उतू जात नाही, उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून सुकत नाही. आपण समुद्रापासून लांब असू, पण नृसिंहवाडीला तर गेलोच आहोत. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहसरस्वती महाराजांच्या पादुका आहेत. पावसाळ्यात कृष्णा फुगते. पाणी घाट चढते, उत्तरेकडून देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. यालाच आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि त्या पाण्यात स्नानासाठी धावतो. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती दुसरीकडे हलवतात, पूजा चालू राहते. पूर ओसरला की गाळ काढून देऊळ धुतात आणि पुन्हा नित्यक्रम सुरू.

यात केवढा धडा आहे! देवळात पाणी शिरले याला इतर कोणी आपत्ती म्हणेल. आपल्या परंपरेने त्याला सोहळा म्हटले. त्याचबरोबर मूर्ती हलवायची अक्कलही ठेवली. श्रद्धा आहे म्हणून मूर्ती पाण्यात ठेवून बसले नाहीत. आजारपण, जोडीदाराचे जाणे, पैशाचे नुकसान हे पूर आपल्याकडेही येणारच. उत्तरेचे दार बंद करता येत नाही. पण दक्षिणेचे दार उघडे आहे ना, हे पाहावे. दुःख आत आले तर त्याला बाहेर जायला वाट असावी. रडावेसे वाटले तर रडावे, कोणाशी बोलावे, देवळात येऊन बसावे. ज्या घराला दक्षिणद्वार नाही, तिथे पाणी साचते आणि भिंती खचतात.

भिंगुरटी, चंद्र आणि पंचविसावा गुरू

शेवटचा गुरू भिंगुरटी, कुंभारीण माशी. तिने मातीच्या घरट्यात कोंडलेली अळी तिच्याच ध्यासाने तिचे रूप घेते, हा दृष्टान्त. आता शाळेतला नातू आपल्याला सांगेल, "आजोबा, तसं नसतं. माशी अळीला डंख मारून बधिर करते, तिच्यासोबत अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाते आणि माशी होऊन बाहेर पडते." नातू बरोबर सांगतो. त्याच्यावर रागावू नये. जुन्या लोकांनी बाहेरून पाहिले, आत गेली अळी आणि बाहेर आली माशी, म्हणून दृष्टान्त केला. जीवशास्त्र नातवाकडून घ्यावे, आणि ज्याचा ध्यास घ्याल तसे व्हाल, हे अवधूताकडून घ्यावे. चोवीस तास आजाराचे बोलणारा माणूस आजारासारखाच होतो, हे तर आपण रोज बागेतल्या बाकावर पाहतो. दत्ताचे नाव घेत राहिले तर थोडे तरी दत्तासारखे होऊ.

आणि चंद्र. वाढते-घटते ती कला. चंद्र आहे तेवढाच असतो. गुडघा कुरकुरतो, कान कमी ऐकतो, नावे आठवत नाहीत, या देहाच्या कला. त्या घटणारच. आतला जो हे सगळे पाहतो आहे, तो घटत नाही. २४ गुरू सांगून झाल्यावर अवधूत म्हणतो की हा माझा देह, हाही माझा गुरूच आहे. त्याच्या साहाय्याने मी तत्त्वाचा विचार करतो, पण तो शेवटी दुसऱ्यांचाच आहे हे जाणून असंग राहतो. म्हणून देहाला शिव्या देऊ नका. गुरू आहे तो. त्याला वेळेवर गोळी द्या, सकाळी फिरवून आणा, आणि तो काय शिकवतो ते ऐका.

यदुने हे सगळे ऐकले, अवधूताची पूजा केली आणि त्याचे चित्त समाधानी झाले, असे भागवत सांगते. तो राज्य टाकून पळाला, असे तिथे नाही. म्हणजे राजवाड्यात राहूनही हा धडा गिरवता येतो.

तर मंडळी, या सप्ताहात एवढे करू. आपल्या घराभोवतीचा एक गुरू निवडू. परसातले उंबर असेल, खिडकीतले कबुतर असेल, जिन्याखालचा कोळी असेल. आठ दिवस त्याच्याकडे पाहू आणि विचारू, तू मला काय सोडायला सांगतोस? उत्तर आले की तेवढे एकच सोडू.

रामाचा जन्म भर दुपारचा, कृष्णाचा मध्यरात्रीचा. आपल्या दत्ताचा पाळणा आपण हलवतो तो सांजवेळी. दिवस कलला आहे, गुरे घरी परतली आहेत, पौर्णिमेचा चंद्र वर येतो आहे, आणि अनसूयेच्या अंगणात बाळ जन्माला येते. आयुष्याची सांज झाली म्हणून खंतावणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच जणू महाराजांनी ही वेळ निवडली. सांजवेळी दिवा लावायचा असतो. चला, देवळात जाऊ, पाळण्याची दोरी धरायला आपलाही एक हात लागेल.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥